हादरतंय कोण?

नोएडातल्या कारखान्यात अजस्र पंख्याची कंपनं केतकी दुरून लेझरने मोजत होती, तर तिचा भाऊ सुधन्वा पंख्याला खेटून, पोपडलेल्या रंगावर लोहचुंबकाने चिकटवलेल्या सेन्सरने. सेन्सर सगळं ठीक सांगत होता. लेझरचा आकडा मात्र चढतच होता. केतकीने हाक मारली, "दादा, मागे ये!" "अगं, फरशी हादरतेय, म्हणून तुझा लेझरच हलतोय. थांब, सेन्सर तपासतो." तसंही असेल? तिने लेझर भिंतीकडे वळवला. आकडा झरकन खाली आला. म्हणजे लेझर स्थिर होता. हादरत होता तो पंखाच; सुटत्या पोपड्यांवरच्या सेन्सरला ते कळतच नव्हतं. "दादा, पळ!" ओरडत तिने पंखा बंद करायचं लाल बटण दाबलं. सुधन्वाने उडी मारली, तोच तुटलेलं पातं जाळी फाडून तो होता तिथूनच गेलं. "आईला सांगू नकोस," तो पुटपुटला. केतकीने मान डोलावली, पण धावत येऊन धरलेली त्याची बाही तिच्या मुठीतून सुटेना.