पाव मागणारा समुद्र

"प्रेमपत्र असेल तर नवी रिबन घालतो," दॉन फिदेन्सियो म्हणाले.

"नवऱ्याचं आहे, बायकोला."

"मग जुनीच चालेल."

नोएलियाला हसू आलं नाही. "‘प्रिय हर्लिंडा’ घाला."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि कागद चढवला. मेक्सिको सिटीतल्या सांतो दोमिंगो चौकाच्या कमानींखाली टाइपरायटर मांडून ते निरक्षरांची पत्रं लिहून देत. समोरच्या बाईच्या चार कादंबऱ्या छापून आल्यात, हे त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

मुलाखतीत ती हमखास सांगे, शब्द मला वडिलांनी दिले. ती तीन वर्षांची असताना ते दूर समुद्रकाठच्या तिहुआनाला कामाला गेले. ते परत आले नाहीत, पत्रं मात्र दरमहा येत राहिली. त्यांनाही अक्षरओळख नव्हती, तिथल्या लेखनिकाकडून टाइप करून घेत. आईला, हर्लिंडाला, वाचता येत नसे, म्हणून नोएलिया वाचून दाखवी. आई डोळे मिटून ऐके, एखादं वाक्य पुन्हा वाचायला लावी. त्या पत्रांत सकाळी दारात येऊन पाव मागणारा समुद्र असे. नोएलिया त्याच समुद्रात वाढली.

वसंतात आईनं अंथरूण धरलं आणि नेमकी तेव्हापासूनच पत्रं थांबली. नोएलियाला वडिलांचा संताप आला. पोस्टमनची शिट्टी वाजली की आई आधी दाराकडे बघे, मग तिच्याकडे. डॉक्टरांनी आठवड्याची मुदत दिली होती. तेवढ्या दिवसांत एक पत्र आईला ऐकवायचं होतं, खोटं का असेना.

"समुद्र आता म्हातारा झालाय, हर्लिंडा," ती सांगू लागली. "हल्ली पाव मागत नाही, नुसता दारात बसून राहतो."

चौकातल्या कारंज्याचे तुषार वाऱ्यानं कागदापर्यंत येत होते. शेवट तिला सांगता येईना. टाइपरायटरच्या कळा मात्र खटखटतच राहिल्या.

तिनं वाकून वाचलं. ‘पोरीला सांग, खिडकी उघडी ठेव. खारा वारा आत येऊ दे.’ वडिलांच्या प्रत्येक पत्राचा शेवट हाच असायचा.

"हे तुम्हाला कसं माहीत?"

दॉन फिदेन्सियोंनी हलकेच कागद काढला.

"तीस वर्षं दरमहा याच स्टुलावर बसून हर्लिंडा सांगायची. पहिल्या खेपेला मी विचारलं, बाई, समुद्र पाहिलायस का कधी? म्हणाली, नाही हो, पण तुम्ही लिहा. माझी पोरगी वाचणार आहे."