चाळीस वाक्यांची तयारी

"हं, पुढचं. 'मत्सर ही प्रेमाची खूण आहे.' एक ते पाचमध्ये किती?" अम्पारोने विचारलं.

"पाच," एवेलियो म्हणाला. "खूण नाही तर काय! जो जळतच नाही, त्याचं प्रेम कसलं डोंबलाचं?"

"एक. एक लिहायचं. म्हणजे अजिबात पटत नाही."

"बरं, मास्तरीणबाई."

स्पेनमधल्या मान्थानारेस गावच्या बस स्थानकासमोरचा तो बार सकाळी जवळजवळ रिकामा होता. एवेलियो चुर्रोची तळलेली कांडी मोडून कॉफीत बुडवत होता. ती नुसतीच कॉफी पीत होती. बायकोचा जबडा मोडला म्हणून त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली होती. सुधारवर्ग नीट पार पाडला, तरच तुरुंग टळणार होता. गुरुवारी शेवटची चाचणी. प्रेमाबद्दलच्या खुळ्या समजुती डोक्यातून किती गेल्या ते आकड्यांत मोजणार आणि अहवाल न्यायाधीशाकडे धाडणार. महिला केंद्रात दर बुधवारी हाच कागद असायचा, त्यामुळे अम्पारोला चाळीसही वाक्यं तोंडपाठ होती.

"'प्रत्येकाचं अर्धं संत्रं, म्हणजे जन्माचा जोडीदार, जगात कुठेतरी असतंच.'"

"एक. आणि कुठे आहे विचारलं तर सांगेन, रस काढून प्यालो."

तिला हसू आलं. "असलं काही तिथे बोलू नकोस, बाबा!"

मग तिने पुढचं वाचलं. "'बायकोचा फोन तपासणं म्हणजे तिची काळजी घेणं.'"

त्याची मूठ टेबलावर आवळली. अम्पारोने आपला कप अलगद मागे ओढला आणि गप्प राहिली. कधी गप्प राहायचं, ते तिला नेमकं कळत होतं.

"एक," तो शेवटी म्हणाला.

"शाब्बास. आता शेवटचं. 'खऱ्या प्रेमाने माणूस बदलतोच.'"

"एक."

उत्तर बरोबर होतं. तरी तिने ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचलं.

"गुरुवारी अस्संच लिही, म्हणजे सुटलास," ती म्हणाली.

"आणि नाही जमलं तर?"

"जमेल रे. तू मनाने वाईट नाहीस. मला माहीत आहे ना."

तिने कागदाचे बारीक तुकडे करून पर्समध्ये टाकले आणि खिडकीतून रस्त्याच्या दोन्ही बाजू न्याहाळल्या.

"मी आधी निघते, तू दहा मिनिटांनी ये. कुणी बघितलं तर संपलंच सगळं. न्यायाधीशाने तुला माझ्यापासून पाचशे मीटर लांब राहायला सांगितलंय, एवेलियो."