सरळ दोरी

निवृत्ती गवंड्याने दोरी बांधून गुरुजींच्या फाटकापासून मागच्या दारापर्यंत पावसात फुगणारी काळी माती दोन फूट खणून काढली, तेव्हा गुरुजी म्हणाले, "मुरमावर काँक्रीट सहा इंच जाड घाल."

निवृत्ती वैतागला. "घरात एक स्कूटर, गुरुजी! तिला चार इंच पुष्कळ झालं. आन् मागच्या दाराला रस्ता कशापायी?"

गुरुजी चष्मा पुसत राहिले. "ट्रक येणाराय. आमची शैला सासरहून कायमची परत येतेय. तिचा संसार साऱ्या गल्लीदेखत उतरवायला नको."

शैलाच्या लग्नातल्या मांडवाचे खांब निवृत्तीनेच रोवले होते. तो दोरीच्या खुंट्या उपटू लागला.

"अरे, चार दिवसांचं खोदकाम वाया जाईल!"

"जाऊ द्या. सरळ रस्ता केला तर फाटकातून सगळं दिसंल. अंगणातल्या गोठ्याआडून वळवून घेऊ."