तिसरी डुलकी

“मी झोपलोच नव्हतो,” दिवा लागताच बसचा ड्रायव्हर कॉटवर उठून बसत म्हणाला. “आधीच सांगून ठेवतो. नुसता डोळे मिटून पडलो होतो.”

“बरं काका,” टेक्निशियन मुलगी म्हणाली. तिने घड्याळ बघून कागदावर काहीतरी लिहिलं. एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

त्याच्या डोक्याला, कपाळाला, हनुवटीला वायरी चिकटवलेल्या होत्या आणि त्या सगळ्यांची वेणी घालून पाठीवर सोडली होती. झोपेच्या विकारांवरच्या अभ्यासासाठी स्वयंसेवक हवेत, ही जाहिरात बायकोने पेपरातून कापून त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवली होती. जेवता जेवता तुमचा घास हातातच राहतो आणि मान खाली जाते, असं तिचं म्हणणं. तिची कटकट एकदाची थांबावी म्हणून तो आला. रात्र इथेच काढली. आता दिवसा दर दोन तासांनी वीस मिनिटं अंधारात आडवं व्हायचं आणि झोप लागते का ते बघायचं. नऊला झालं, अकराला झालं, ही तिसरी आणि शेवटची खेप. शाळेची सकाळची फेरी जोडीदार ड्रायव्हरने मारली होती. दुपारची त्याची होती. शाळा अडीचला सुटायची.

“नऊला झोपलो नाही, अकराला झोपलो नाही. बायकोला तसं लिहून द्या बघू,” तो म्हणाला. “बावीस वर्षं पोरांची बस चालवतोय. माझे डोळे मिटले तरी कान जागे असतात. आत्ता मध्येच तुम्ही आत आलात, तेही कळलं मला.”

मुलगी लिहायची थांबली. “मी आत आले?”

“आलात की. अंगावर पांघरूण घातलंत. थंडी वाजतेय का विचारलंत. मी म्हटलं, राहू द्या.”

तिने दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं, म्हणून त्यानेही पाहिलं. पांघरूण घडी घातलेलं तिथेच होतं.

“काका, मी पलीकडच्या खोलीत होते. एकदाही जागची उठले नाही.”

“चेष्टा करताय.”

“दाखवायचं नसतं खरं तर,” ती म्हणाली. “पण या.”

पलीकडच्या खोलीत कॉम्प्युटरचे दोन पडदे होते. एकावर रेघा धावत होत्या. दुसऱ्यावर मघाची, अंधारातली करडी खोली आणि कॉटवर एक जाडा माणूस, तोंड उघडं, एक हात खाली लोंबणारा. दार पूर्ण वेळ बंद.

“घोरतोय कोण हा?” त्याने हसून विचारलं.

“दोन मिनिटांत झोपलात. नऊला आणि अकराला पण तेवढ्यातच. आणि लगेच स्वप्न सुरू. ही डोळ्यांची रेघ बघा, स्वप्नात बुबुळं अशी पळतात.”

त्याचं हसू तिथेच विरलं. तिने पांघरूण घातलं तेव्हा तिच्या बोटांचा गारवा त्याच्या हाताला लागला होता. तो अजून आठवत होता. ही खोली जितकी खरी, तितकाच तो गारवा खरा होता. तो घाबरला. आयुष्यात गाडीवर बसून जितका कधी घाबरला नव्हता, तितका त्या पडद्यासमोर उभ्या उभ्या घाबरला.

“डोळे उघडे असताना होतं का असं?”

“होतं काहींना. काही सेकंदच. आपण झोपलो होतो हे त्यांना पटतच नाही.”

सोमवारी रेल्वेचं फाटक उघडं होतं. त्याने नीट पाहिलं होतं. फाटकवाल्याने हात करून जा म्हटलं, म्हणून तर त्याने गाडी घातली. मागे पोरं एकदम किंचाळली, तेव्हा त्याने आरशात बघून दम भरला. मग शेवटच्या थांब्यापर्यंत एकतीस पोरं चिडीचूप. घरी जाऊन त्याने बायकोला कौतुकाने सांगितलंही होतं, आज पोरं कशी शहाण्यासारखी बसली होती म्हणून.

ते फाटक गेली चार वर्षं आपोआप चालतं. तिथे फाटकवालाच नाही.

“हे शाळेला कळवणार तुम्ही?”

“छे. कुणालाच नाही. काल संमतीच्या कागदावर सही केलीत ना? इथे तुम्ही फक्त चौदा नंबर.” मग ती हळूच म्हणाली, “चारला डॉक्टर येतील, ते बोलतील. तोवर गाडी नका चालवू, काका. पण मी नुसतं सांगू शकते. तुम्हाला अडवता नाही येणार मला.”

काल त्याने कागदावरची ती ओळ दोनदा वाचून घेतली होती. लायसन्स गेलं तर पन्नाशीनंतर कोण दारात उभं करणार? कुणाला कळणार नाही म्हटल्यावरच सही ठोकली होती. आता मात्र कुणीतरी आपली कॉलर धरावी आणि इथेच बसवून ठेवावं, असं त्याला वाटत होतं. मुलगी त्याच्या कपाळावरच्या वायरी एकेक करून सोडवत होती.

बस जिथे उभी होती तिथे पोचायला अर्धा तास लागणार होता. पावणेदोन होत आले. त्याने मोबाइल काढला आणि घरी लावला.

“ऐक. आपल्या पोरीला फोन कर,” तो बायकोला म्हणाला. नात त्याच्याच बसने यायची, त्याच्या मागच्या सीटवर बसून. “म्हणावं, छोटीला आज तूच जाऊन आण. माझ्या बसमध्ये बसवू नकोस.”

“का हो? काय सांगितलं त्यांनी?”

“काही नाही. तू छोटीचं तेवढं बघ.”



“करते तिला फोन,” बायको म्हणाली. “आणि उरलेल्या तीस पोरांच्या घरी कुणी करायचा?”