काजळी

वडिलांच्या जुन्या गाडीचा स्पार्क प्लग घरी आलेल्या मिस्त्रींनी तिसऱ्यांदा काढला. तो पुन्हा काजळीने माखला होता.

“कार्ब्युरेटर झाला, वायरी झाल्या. आता खरं सांगा, गाडी कुठवर नेता?”

“कुठेच नाही. पाच मिनिटं सुरू ठेवतो, मग बंद करतो.”

“मग इंजिन तापणार कधी, काजळी जळणार कधी? अहो, गाडी आहे ती, समई नव्हे! उद्या हमरस्त्यावर पळवा.”

खरे कारण त्यांना कसे सांगणार? फाटकासमोरच्या थांब्यावर ती सव्वानऊच्या बसची वाट पाहत असे. ‘सोडू का?’ एवढेच विचारण्यासाठी मी रोज इंजिन सुरू करी, आणि धीर गोळा होण्याआधीच बस येई.

दुसऱ्या दिवशी मी गाडी थेट तिच्यासमोर नेऊन थांबवली.

“झाली एकदाची दुरुस्त!” ती हसली. “रोज सुरू होऊन बंद पडायची बिचारी. नाहीतर मीच कधीचं विचारलं असतं, सोडाल का म्हणून.”

“आज सोडू?”

“आज नको. बदली झालीय माझी. शेवटच्या दिवशी कंडक्टरकाकांना भेटायचंय.”

बस आली, ती गेली. मी हमरस्त्यावर वीस किलोमीटर एकटाच गेलो. इंजिन एकदाही अडखळले नाही.