समुद्रावरची झोळी

"आता समुद्रावर आपल्या घराण्याचं राज्य," असं जयरामने सगळ्या किन्हवली गावाला ऐकवलं. स्वतः तो काळू नदीतदेखील कधी गुडघ्याच्या वर उतरला नव्हता. त्याचा मुलगा प्रणय आणि सून हेतल दोन्ही चिमुरड्यांसकट सगळ्यांना मुंबईहून गोव्याला जहाजाने नेणार होते.

बायकोने, गीताबाईने, बॅगेत जुनं लुगडं आणि दोरी कोंबली तेव्हा तो खदखदून हसला. "काय गो, जहाजात झोळी बांधायला तुला आढं कोण देईल?"

आढं नव्हतंच. जहाजातल्या खोलीचं छत कसं ताटासारखं गुळगुळीत. झोळीवाचून न झोपणारा आठ महिन्यांचा नातू बंदरातच असा टाहो फोडू लागला की शेजारच्या खोल्यांची दारं उघडली. हेतल रडकुंडीला आली.

"बाबा, परत पोरांना घेऊन कुठं म्हणजे कुठं जायचं नाय."

जयरामने दोरी घेऊन सगळं छत चाचपलं. बायकोकडे बघायचं तेवढं टाळलं.

इतक्यात जहाजाने बंदर सोडलं. गीताबाईने लुगडं खालीच अंथरून नातवाला त्यावर ठेवलं. जहाज डुललं, पोर डुललं, आणि बघता बघता झोपलं.

"अवो, हे आख्खं जहाजच झोळी हाय की," ती म्हणाली. हेतल हसली आणि पुढच्या वर्षी कुठे जायचं ते प्रणयला विचारू लागली.

सकाळी गोव्याचा किनारा दिसला. जयराम धावतपळत पांढऱ्या गणवेशातल्या कप्तानापुढे हात जोडून उभा राहिला.

"साहेब, किनाऱ्याला लागलं तरी जरा हलवत ठेवा. पोर अजून झोपलंय."