जुनंच चालू राहू दे

“चित्र अडकायला नको, एवढंच बघा,” काका तिसऱ्यांदा म्हणाले. “बाकी मशीन कसलंही घाला.”

कॉम्प्युटरवाल्याने मान डोलावली आणि तो टेबलाखाली शिरला. जुन्या रेकॉर्डरचा पंखा घरघरत होता. टेबलावर मोठा पडदा, त्यावर आठ चौकटी. तळमजल्यावर काकूंचं शिवणकाम चालायचं, भारी कापडाचे तागे यायचे, म्हणून हे आठ कॅमेरे बसवले होते. केबली सगळ्या वर याच खोलीत आल्या होत्या आणि तोही बाहेरच्या जिन्यानेच वर आला होता. खालचे कॅमेरे बघून येतो म्हणाला, तर काकांनी हात आडवा केला.

“नको. ती कामात असते.”

तिसऱ्या चौकटीत काकू लांबलचक टेबलावर कापड बेतत होत्या. सत्तरीच्या घरातली बाई, पण कात्री काय झरझर चालत होती! पहिल्या चौकटीत गेट होतं. स्कूटर लावताना त्याने तिथे कुणी पाहिलं नव्हतं, आता मात्र एक मांजर गेटच्या मधोमध ऐसपैस पसरलं होतं. पडद्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या.

“या कशाला, काका?”

“तिथे आकडे असतात. डोळ्यांना टोचतात.”

म्हातारपणी माणसाला काय टोचेल याचा नेम नाही. तो पट्ट्यांच्या वाटेला गेला नाही.

“नेमकं कुठे अडकतं?”

“ती कापड झटकते ना, तिथे. हात वर जातो आणि तसाच राहतो. जीव नुसता कासावीस होतो.”

“दर वेळी तिथेच?”

काकांनी नजर पडद्यावरच ठेवली. “साधारण,” म्हणाले.

त्याने वही काढली. “आठ चित्रं एकदम दाखवायची म्हणजे मशीनची दमछाक होते. दणकट प्रोसेसर घेऊ, मेमरी सोळा जीबी, चित्रांसाठी वेगळं कार्ड. आणि डिस्क कॅमेऱ्यांसाठी बनवलेलीच हवी. तिला दिवसरात्र लिहायचं असतं. वाचायचं काम क्वचित. जुनं बघतो कोण?”

“माझं उलटं आहे.”

तो हसला. काका हसले नाहीत.

“वीज गेली तर?”

“बॅटरी देतो की.”

“आणि डिस्क बिघडली तर?”

“दोन घालू. जे एकीवर, तेच दुसरीवर.”

“म्हणजे कुठे जायचं नाही ना?”

“कुठे जातंय, काका! चोराचा बाप आला तरी सापडेल.”

चोरांची धास्ती घेतलेली माणसं त्याने पुष्कळ पाहिली होती. पण इथे कोपऱ्यात घडीची खाट होती, कपातल्या चहावर साय धरली होती आणि खुर्ची पडद्याच्या इतकी जवळ की गुडघे टेबलाला लागावेत. तेवढ्यात फोन वाजला.

“नाही करणार बंद,” काका फोनवर म्हणाले. “जेवतो मी. तेवढं सोडून बोल.” फोन ठेवून ते कसनुसं हसले. “मुलगी आहे. तिला वाटतं, बापाचं डोकं फिरलंय. कुणाला काही सांगायची चोरी झालीय.”

त्याला एकदम वाईट वाटलं. एका छपराखाली राहायचं, ती खाली, हे वर, आणि बायकोला बघायचं ते पडद्यावर. या वयात असा कसला अबोला? विचारावंसं वाटलं, पण दुसऱ्याच्या संसारात नाक कशाला खुपसा म्हणून त्याने वही मिटली.

चार दिवसांनी तो सामान घेऊन आला. जुना रेकॉर्डर बंद केला, तेव्हा काकांनी तोंड फिरवलं. आत उघडून बघतो तर डिस्क ठणठणीत होती. बिघडला होता तो पंखा, आणि मशीनचं वय झालं होतं.

“जुन्याचं काय करायचं, काका?” त्याने टेबलाखालूनच विचारलं.

“जुनंच चालू राहू दे,” काका घाईघाईने म्हणाले. “नवीन मला काहीही नको.” मग हनुवटीवरून हात फिरवत म्हणाले, “तुमचं होईतो मी दाढी उरकून येतो.”

बरंच झालं. एक डिस्क वाचली. त्याने ती कोरी केली, नव्या डिस्कच्या जोडीला बसवली, आठही केबली जोडल्या आणि मशीन सुरू केलं. चित्रं अशी स्वच्छ आली की तो स्वतःवरच खूष झाला.

काका आले. दाढी गुळगुळीत, केस विंचरलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. खुर्चीत बसून त्यांनी चष्मा पुसला.

“बघा,” तो म्हणाला, “गेटपाशी माझी स्कूटर. नंबरसुद्धा वाचता येतो!”

काकांनी स्कूटरकडे पाहिलंच नाही. ते तिसऱ्या चौकटीकडे बघत होते. टेबलावर बोटभर धूळ होती. शिवणयंत्रांवर चादरी होत्या.

“काकू आत गेल्या असतील,” तो म्हणाला.

“जुनं लावा.”

“जुनं? ते पुसलं ना, काका. तुम्हीच म्हणालात, जुनंच चालू राहू दे. म्हणून तीच डिस्क कोरी करून वापरली.”

काकांचा हात पडद्याकडे गेला आणि तसाच राहिला.

“का? काही महत्त्वाचं होतं का त्यात?”

“खाली दोन वर्षं कुणी नाही,” काका म्हणाले. “ती त्यातच होती.”